ताटाच्या उजव्या बाजूला

१

गाण्याचा व्हिडिओ मी पहिल्यांदा नेहमी आवाज बंद करून बघतो. दुसऱ्यांदा डोळे मिटून नुसता ऐकतो. मग चहाचा कप शेजारी घेऊन एकेक फ्रेम पुढे सरकवत बसतो. लोक विचारतात, एवढ्याशा गाण्यावर तू पाऊण तास काय बडबडतोस? मी म्हणतो, बनवणाऱ्यांनी त्यावर महिनेच्या महिने घालवले, मला पाऊण तास तरी बोलू द्या.

दिवसा मी सिटी सेंटरमधल्या एका कोचिंग क्लासचे ऑनलाइन धडे एडिट करतो. फिजिक्सचे सर फळ्याकडे तोंड करून बोलतात आणि मी त्यांचे खोकले कापतो. पोट त्यावर चालतं. जीव मात्र माझ्या चॅनेलमध्ये आहे. तिथं मी पॉप गाण्यांच्या व्हिडिओंची चिरफाड करतो: रंग असाच का, कॅमेरा इथंच का, गोष्ट कुठून कुठं गेली. करतो हिंदीतून. ग्वाल्हेरात मराठीतून केली तर आई, बाबा आणि नया बाजारची मावशी एवढेच प्रेक्षक मिळतील, आणि मावशी अर्ध्यात झोपेल.

'ठंडी थाली' या गाण्याची चिरफाड मात्र मला नाचत करायची होती, कारण त्याच्या सेटवर माझी धाकटी बहीण श्रुती होती. आर्ट डिपार्टमेंटमधली असिस्टंट म्हणून तिचं पहिलंच काम. शेवटी नावं सरकतात त्यात तिचं नाव डोळ्याची पापणी लवेपर्यंत दिसतं. आईनं तिथं व्हिडिओ थांबवून अख्ख्या कॉलनीला दाखवला होता. गाणं तुफान चाललं होतं.

एवढं सगळं छान असताना एकच गोष्ट बिघडली होती. श्रुती जेवत नव्हती.

शूटिंग संपवून आली तेव्हापासूनचं हे. दोन घास खायची आणि म्हणायची, "बस, पोट फुल्ल आहे." आधी वाटलं डाएट. मग वाटलं प्रेमप्रकरण. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही सापडलं नाही, गोळ्या दिल्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. टेबलाशी बसायची तीही खुर्चीच्या कडेला. मी चिडवायचो, "अगं, पूर्ण खुर्ची तुझीच आहे, भाडं नाही लागत." ती सरकून नीट बसायची आणि थोड्या वेळानं पुन्हा कडेला. आई तिचं उष्टं ताट उचलताना काही बोलायची नाही, पण मोरीत भांडी जरा जोरात आपटायची.

२

आता व्हिडिओबद्दल. दिग्दर्शिका गरिमा दिल्लीची, वयानं माझ्याएवढी, डोकं माझ्यापेक्षा बरं. बिर्लानगरात बंद पडलेल्या मिलच्या कामगारांची जी क्वार्टर्स आहेत, त्यांतली एक रिकामी खोली तिनं भाड्यानं घेतली होती. अख्खं गाणं त्या एका खोलीत. भिंतींना पोपटी डिस्टेंपर, डाव्या खिडकीतून येणारा उजेड, बाकी काही नाही. हल्ली गाण्यात कॅमेरा माकडासारखा उड्या मारतो. इथं तो जागचा हलत नाही. मला हे फार आवडलं.

गोष्ट साधी. एक बाई कुणासाठी तरी ताट वाढते. तो येत नाही. ती त्याच्या रिकाम्या पाटासमोर बसून पंख्यानं वारा घालते, भात निवतो, आणि शेवटी ती स्वतःच त्या ताटातला घास उचलते. ध्रुवपद आलं की मात्र कॅमेरा थेट छतावर जातो. सरळ वरून खाली बघणारा टॉप शॉट: मधोमध पितळी ताट, ताटाच्या वरच्या अंगाला त्याचा रिकामा पाट, खालच्या अंगाला तिचा. तिचे फक्त गुडघे आणि हात दिसतात.

ते हात श्रुतीचे आहेत. गायिकेनं कुठल्याशा कार्यक्रमासाठी लांबलचक नकली नखं चिकटवली होती, ती निघेनात. मग गरिमानं श्रुतीला साडी-बांगड्या चढवल्या आणि पाटावर बसवलं. टॉप शॉटचं सगळं शूटिंग श्रुतीवरच झालं.

शेवटच्या ध्रुवपदावर मी थांबलो. श्रुतीचे हात अजून मांडीवर होते, ताटाला कुणी शिवलं नव्हतं. आणि ताटाच्या उजव्या बाजूला, फरशीवर, भाताचे चिमूटभर गोळे ओळीनं ठेवलेले होते. ताटाभोवती पाण्याची बारीक ओली रेघ चमकत होती.

मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. चित्राहुती! आमचे बाबा अजून रोज घालतात. जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवायचं, भाताच्या चार शितांच्या आहुत्या बाजूला काढायच्या, मग पहिला घास. दिल्लीच्या गरिमाला हे कुठून ठाऊक असणार? म्हणजे ही करामत आमच्या पोरीची. जो आलाच नाही त्याच्या चित्राहुती ताटाशी पडल्यात, म्हणजे तो आलाय. एका शब्दाविना सगळी गोष्ट फिरवली होती. मला बहिणीचा भारी अभिमान वाटला.

फक्त एक चूक होती. बाजू उलटी होती. मी वर्षानुवर्षं बाबांच्या समोर बसून जेवतोय. त्यांच्या चित्राहुती मला ताटाच्या डावीकडे दिसतात. इथं त्या उजवीकडे. घरात रोज बघून पोरीला बाजू कळू नये?

३

संध्याकाळी ती आल्या आल्या मी तिला पकडलं.

"काय डोकं चालवलंयस! पण चित्राहुती उलट्या बाजूला घातल्यास, गाढव."

"काय घातलं मी?"

मी लॅपटॉप तिच्यापुढे केला. ती पलंगाच्या कडेवर टेकली, वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "दादा, हे मी नाही ठेवलं. कसम से. मी तर हात मांडीवर ठेवून बसले होते. गरिमादी ओरडून राहिली होती, हिलना मत, हिलना मत."

"मग दुसऱ्या कुणी ठेवलं असेल."

"कोण ठेवणार? सेटवर मराठी मी एकटी." ती म्हणाली, "भात मात्र सारखा कमी व्हायचा. प्रत्येक टेकच्या आधी मलाच परत वाढावा लागायचा. मला वाटलं, लाइटवाले खाऊन राहिलेत."

मी हसलो. एडिटरला असल्या गोष्टींची भीती वाटत नाही, कारण जोड कुठं लपवलाय ते तो शोधू शकतो. दोन टेक एकमेकांत विरघळवले की मधला बदल जादूसारखा दिसतो. फिजिक्सच्या सरांचे खोकले मीही तसेच लपवतो. मी तो तुकडा मोठा केला आणि एकेक फ्रेम सरकवायला लागलो.

जोड असता तर श्रुतीची बोटं निदान एका फ्रेममध्ये धूसर झाली असती. ती शेवटपर्यंत स्वच्छ होती. खिडकीतल्या उजेडात पडद्याची सावली हलत होती, तीही न अडखळता पुढे सरकत होती. कट नव्हता. आणि पाण्याची रेघ एकदम उमटत नव्हती. पुढच्या फ्रेममध्ये ती थोडी लांब व्हायची, त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये आणखी थोडी. ताटाभोवती ती सावकाश वळत होती, बाबांचा हात वळतो तितक्याच संथपणे.

मी फ्रेम मागे घेतली, पुढे नेली, पुन्हा मागे घेतली. फाइल खराब असेल असं म्हणालो. ते मलाच पटलं नाही.

४

आई चहा घेऊन आली. मी काहीतरी बोलायचं म्हणून तिला स्क्रीन दाखवली. "बघ, चित्राहुती. पण उलट्या बाजूला आहेत."

तिनं कप ठेवला, चष्मा वर केला. "उलट्या कुठं? बरोबर आहेत."

"बाबांच्या तर डावीकडे—"

"तू समोरून बघतोस म्हणून तुला डावीकडे दिसतात. जेवणाऱ्याच्या उजव्या हाताला असतात त्या. बसणाऱ्याच्या बाजूनं बघ ना."

मी बघितलं. वरच्या पाटावर बसलेल्याचा उजवा हात स्क्रीनच्या डावीकडे पडला असता. तिथं काही नव्हतं. चित्राहुती उजवीकडे होत्या, म्हणजे घालणारा खालच्या पाटावर बसलेला होता. अख्ख्या गाण्यात ती बाई ज्या रिकाम्या पाटाकडे बघत झुरते तिथं कुणी नव्हतंच. जो कोण होता तो श्रुतीच्या पाटावर, श्रुतीच्याच जागी होता.

बाहेरच्या खोलीत बाबांचा टीव्ही चालू होता, बातम्यांत कुणीतरी भांडत होतं.

"तू कुठं बसली होतीस?" आईनं विचारलं.

"इथंच. खाली." श्रुतीनं स्क्रीनवर बोट टेकलं.

"आणि शूटिंग झाल्यावर त्या ताटाचं काय केलं?"

"पॅकअप झालं ना. गरिमादी म्हणाली, जल्दी उठाओ सब. मी उचललं."

"भात होता त्यात?"

"होता. आधा असेल."

आईचा चेहरा असा झाला की मी तो आधी एकदाच पाहिला होता, काकाच्या लग्नात जेवत्या पंक्तीतून कुणीतरी म्हाताऱ्या पाहुण्याला उठवलं तेव्हा. "म्हणजे जेवत्या माणसाच्या पुढ्यातलं ताट ओढलंस," ती म्हणाली. "त्याचं जेवण अर्धं राहिलं, म्हणून तुला जेवण जात नाही. कोई तमीज है की नाही तुम्हां लोकांना?"

मी हसलो. कुणी साथ दिली नाही. बाहेरून बाबा ओरडले, "ऍसिडिटी आहे ती! गोळ्यांचा कोर्स पुरा करा!" त्यांना आमच्या खोलीतलं निम्मंच ऐकू जातं, पण सल्ला पूर्ण असतो.

गाण्याच्या दुसऱ्या भागाचं शूटिंग गुरुवारी होतं. तीच खोली, तेच ताट, आणि टॉप शॉटला श्रुतीचेच हात. हे नीट पार पडलं तर पुढच्या गाण्याचं पूर्ण आर्ट डिरेक्शन देईन असं गरिमानं तिला सांगितलं होतं. मी म्हणालो, जाऊ नकोस, खड्ड्यात गेलं ते गाणं. श्रुतीचा आवाज बारीक झाला होता. "मी नाही गेले तर त्या पाटावर दुसरी कुणी बसेल, दादा. और क्या."

मला तिचा राग आला, आणि भीती वाटली. खरं सांगतो, त्या रात्री मी तिच्या मनगटाकडे बघूच शकलो नाही.

"जायचं," आई म्हणाली. "पण आधी मी येणार."

५

गुरुवारी सकाळी मी गाडी काढली. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर डबे. वरण, भात, तूप, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, लिंबाची फोड, मीठसुद्धा वेगळ्या पुडीत. पहाटे उठून आंघोळ करून केलेला स्वयंपाक. मी विचारलं, "अगं, आहे कोण तो, हे तरी माहीत आहे का?" ती म्हणाली, "जेवायला बसलेल्याला नाव विचारतात का?"

बिर्लानगरची ती गल्ली सकाळच्या उन्हात अगदी साधी होती. कुणी स्कूटर धूत होतं, कुणी लसूण सोलत होतं. गरिमा दारातच भेटली. "अरे आंटी! खाना लाई हैं? मज़ा आ गया!"

"लाई हूँ," आई म्हणाली. "पर पहले एक जने को परोसना है."

गरिमाला वाटलं, मुहूर्ताची पूजाबिजा असेल. सिनेमावाले याबाबतीत आमच्या मावशीपेक्षा भाविक असतात. "हाँ हाँ, आराम से कीजिए, हम बाहर चाय पी लेते हैं," म्हणून तिनं सगळ्यांना बाहेर काढलं. छतावरचा कॅमेरा बंद असल्याची मी खात्री करून घेतली. मॉनिटरची वायरही उपटली. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

व्हिडिओत ती खोली मोठी वाटते. प्रत्यक्षात ती एवढीशी होती. पोपटी भिंती, दोन पाट, मध्ये पितळी ताट. आईनं ताट पुन्हा घासून घेतलं आणि खालच्या, म्हणजे श्रुतीच्या पाटापुढे मांडलं. मीठ, लिंबू, कोशिंबीर, भाजी, सगळं ज्याच्या त्याच्या जागी. भाताची मूद पाडली, वर वरण, वर तूप. पाण्याचं भांडं ठेवलं.

"वाढायला श्रुतीच राहील," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू तिकडे तोंड कर. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये." आणि मग पाटाकडे बघून, जशी कुठल्याही पाहुण्याला म्हणते तशीच, "सावकाश होऊ द्या."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. चाळिशीला टेकलेला माणूस, शिक्षा झालेल्या पोरासारखा. डिस्टेंपरचे पोपडे बघत होतो. बाहेर गरिमा फोनवर कुणाला तरी झापत होती. कुठंतरी नळ ठिबकत होता. मी मनात म्हणालो, आई आपल्या समाधानासाठी करते आहे, दहा मिनिटांत आटपेल.

मग पाट वाजला. टक.

त्या पाटाचा एक पाय आखूड होता, हे श्रुतीनं मला पूर्वी सांगितलं होतं. बसणारा पुढे वाकला की तो फरशीवर टेकतो आणि मागे झाला की उचलला जातो. जमीन खालीवर असेल, मी स्वतःला समजावलं. पण जमीन खालीवर असली तरी पाटावर वजन लागतं. टक. थोडा वेळ काही नाही. टक.

"भात घ्या अजून," आई म्हणाली. "संकोच नका करू. श्रुती, वाढ."

मला श्रुतीच्या बांगड्या ऐकू आल्या, डब्यावर डाव आपटल्याचा आवाज आला. तिनं भात वाढला. काही वेळानं पुन्हा वाढला. मग पुन्हा. तिचा श्वास मला पाठमोऱ्यालाही ऐकू येत होता. मी ताटाकडे पाहिलं नाही. श्रुतीनं पाहिलं, कारण तिला पाहावंच लागलं. काय पाहिलंस, असं मी तिला अजून विचारलेलं नाही आणि तिनं आपण होऊन सांगितलेलं नाही.

६

"हात धुवायला चला," आई म्हणाली.

मागच्या बाजूला छोटं अंगण होतं, तिथं मोरीचा दगड. आई तांब्या घेऊन पुढे निघाली. मध्ये थोडी जागा सोडून श्रुती, आणि तिच्या मागे मी. ती जागा का सोडायची, हे आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं.

अंगणात लख्ख ऊन होतं. भिंतीवर कुणाची तरी चादर वाळत होती. आईनं दगडाशी वाकून तांब्या कलता केला. पाण्याची धार सरळ खाली आली आणि दगडाच्या वीतभर वर थांबली. म्हणजे थांबली नाही, पसरली. तिथं थोडी साचली आणि मग चार-पाच बारीक धारांनी खाली गळायला लागली, जशी ती बोटांच्या फटींतून गळते.

मी ते पाहिलं. वाऱ्यानं असं होत नाही. आणि वारा नव्हताच, चादर हलत नव्हती.

आई सावकाश ओतत राहिली, आणि मग एका क्षणी धार सरळ झाली आणि थेट दगडावर आपटली. पाणी उडून तिच्या पायांवर आलं. तिनं उरलेला तांब्या रिकामा केला. आमच्या घरातून कुणी बिलावर सही घ्यायला आलेला माणूससुद्धा 'पुन्हा या' ऐकल्याशिवाय जात नाही. आईनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

मग ती मोरीच्या काठावर बसली आणि पदरानं घाम पुसायला लागली. तेव्हा मला कळलं की तीही भ्यायली होती.

७

शूटिंग झालं. श्रुती त्याच पाटावर बसली, तिचे हात टॉप शॉटमध्ये आले, आणि मी मॉनिटरला नाक लावून एकेक टेक पाहिला. उजवी बाजू, डावी बाजू, फरशी, भात. काही नाही. वाढलेला भात शेवटपर्यंत तेवढाच राहिला आणि दुपारनंतर वाळून कडक झाला. गरिमा खूश होती. एवढी शांतता मागच्या वेळी नव्हती, म्हणाली.

माझं पहिल्या व्हिडिओचं विश्लेषण मी चॅनेलवर टाकलं नाही. तो व्हिडिओ अजून लाखो लोक बघतात, शेवटच्या ध्रुवपदात त्यांना काय दिसतं मला माहीत नाही. कुणी काही लिहिलेलं नाही. बहुधा कुणी इतकं सावकाश बघतच नसेल. बाबांचं म्हणणं आहे की गोळ्यांचा कोर्स बुधवारी संपला, म्हणजे गुण यायचाच होता. मी वाद घातला नाही. श्रेय कुणालाही जाऊ दे.

परतताना संध्याकाळ झाली होती. आईला घरी सोडून श्रुती आणि मी लश्कर भागातल्या दुकानात शूटिंगच्या भाड्याच्या बांगड्या परत करायला निघालो होतो. नया बाजारात एका गाड्यावर मूगडाळीचे मंगोडे तळत होते, तिथं तिनं माझा खांदा दाबला. "गाडी थांबव ना, दादा."

"काय झालं?"

"भूक लागली."

मी गाडी अशी थांबवली की मागच्या रिक्षावाल्यानं माझ्या खानदानाचा उद्धार केला. तिनं एक पत्रावळ संपवली. हिरव्या चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी थांबली नाही. दुसरी मागितली. मग समोसा. मग गाड्यावाल्याला म्हणाली, "भैया, वो बड़े वाले दो और, गरम."

"कब से भूखी हो बिटिया?" त्यानं हसत विचारलं. ती तोंड भरलेलं असल्यामुळे बोलली नाही. मी खांबाला टेकून उभा होतो आणि पैसे काढायच्या निमित्तानं खिशात रुमाल शोधत होतो, कारण मला रडू येत होतं आणि नया बाजारात ओळखीचे लोक फार.

तिनं शेवटचा मंगोडा चटणीत बुडवला, तोंडात टाकला, बोटं चाटली.

"पोट भरलं?" मी विचारलं.

तिनं थोडा विचार केला. खरोखर विचार केला, आत कुठंतरी बघून आल्यासारखा. मग माझ्याकडे बघून मान हलवली.

"नाही," ती म्हणाली.

मी आयुष्यात इतकं सुरेख 'नाही' ऐकलेलं नाही. मी गाड्यावाल्याला आणखी एक पत्रावळ वाढायला सांगितली.